इलेक्ट्रिक गाडीच्या हाय-व्होल्टेज केबलचा फ्यूज: निवडायचा कसा, बसवायचा कुठे, बदलायचा केव्हा

इलेक्ट्रिक गाडीतली नारिंगी केबल दिसली की हात लावायचा नाही, हे आता साध्या गॅरेजमधल्या पोरालाही ठाऊक असतं. पण ती केबल स्वतः शॉर्ट झाली तर तिला कोण वाचवणार, हा प्रश्न फारसा कुणी विचारत नाही. मोटर, कंट्रोलर, बॅटरी यांवर तासन्‌तास चर्चा होते आणि फ्यूजची पाळी आली की 'टाक अडीचशेचा' म्हणून विषय संपतो. पेट्रोलची गाडी इलेक्ट्रिक करून देणाऱ्या रेट्रोफिट कामांत तर हे सर्रास दिसतं. बॅटरीच्या तोंडाशी एक मोठा फ्यूज, आणि त्याच्यापुढे हीटर, एसी कॉम्प्रेसर, चार्जर अशा सगळ्या बारीक केबल्स त्या एकाच फ्यूजच्या भरवशावर.

हा लेख रेट्रोफिट करणाऱ्यांसाठी, ई-रिक्षापेक्षा मोठ्या गाड्यांचा ताफा सांभाळणाऱ्या वर्कशॉपसाठी आणि असं काम शिकणाऱ्या मुलामुलींसाठी आहे. डीसीमध्ये ६० व्होल्टच्या वर गेलं की वाहनांच्या नियमांच्या दृष्टीने ते हाय व्होल्टेज. तिथे प्रशिक्षण न घेतलेल्या माणसाने झाकण उघडू नये. निवडीचा हिशेब मात्र घरबसल्या कुणीही समजून घ्यावा, म्हणजे वर्कशॉपमध्ये योग्य प्रश्न विचारता येतात. आणखी एक गोष्ट आधीच सांगतो. कंपनीने बनवलेल्या गाडीत फ्यूजचं मापन (म्हणजे रेटिंग), जागा किंवा प्रकार बदलायचा नसतो, तिथे जशास तसा पार्ट टाकायचा. रेट्रोफिट किटला केंद्रीय मोटार वाहन नियमांखाली मान्यता लागते. त्याचं वाहन-उद्योग मानक एआयएस १२३ आहे, आणि पुण्याची एआरएआय (ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया) ही ती मान्यता देणाऱ्या चाचणी संस्थांपैकी एक. मान्यता मिळालेल्या किटमध्ये मनाने फेरफार केला की ती मान्यता तुमच्या गाडीला लागू राहत नाही.

फ्यूज केबलसाठी असतो

हीटर बिघडला तर फ्यूज त्याला वाचवू शकत नाही, तो आधीच बिघडलेला असतो. बॅटरीच्या डीसीवर मोटर चालवणाऱ्या इन्व्हर्टरमधला ट्रान्झिस्टर मायक्रोसेकंदांत जातो, फ्यूजला मिलिसेकंद लागतात. म्हणजे फ्यूजचं खरं काम एकच: बिघाड झालेल्या जागेपर्यंत जाणारी केबल तापून पेट घेण्याआधी प्रवाह तोडणं. एवढं डोक्यात पक्कं बसलं की बाकीचे निर्णय सोपे होतात. केबल जिथे बारीक होते तिथे नवा फ्यूज. आणि तो उपकरणाच्या टोकाला बसवायचा नाही, वीज जिथून येते त्या टोकाला बसवायचा.

आता डीसीची अडचण. घरच्या एसी विजेचा प्रवाह सेकंदात शंभर वेळा शून्यावर येतो, त्यामुळे तिथली ठिणगी आपोआप मरते. बॅटरीचा प्रवाह शून्यावर येतच नाही. फ्यूजची पट्टी वितळली तरी दोन टोकांमध्ये आर्क पेटून राहतो आणि प्रवाह चालूच राहतो. म्हणून हाय-व्होल्टेज फ्यूजच्या सिरॅमिक नळीत क्वार्ट्झची बारीक वाळू ठासून भरलेली असते. आतल्या चांदीच्या किंवा तांब्याच्या पट्टीला ओळीने अरुंद गळे ठेवलेले असतात. शॉर्ट झाला की हे गळे एकदम वितळतात, एकाच्या जागी अनेक छोटे आर्क तयार होतात, वाळू वितळून त्यांची उष्णता शोषते आणि तिची काचेसारखी गाठ बनते. साध्या गाडीतल्या पात्याच्या फ्यूजवर ३२ किंवा ५८ व्होल्ट लिहिलेलं असतं, कारण त्यात यातलं काहीच नसतं. तो ३२० व्होल्टच्या लाइनवर टाकला तर तो स्वतःच आगीचं कारण होईल. 'अँपिअर तेवढेच आहेत ना?' हा युक्तिवाद इथे चालत नाही.

पायरी १: केबलचा वंशवृक्ष काढा

कागदावर बॅटरीपासून सुरुवात करा आणि प्रत्येक फांदीवर तीन गोष्टी लिहा: केबलचं छेदक्षेत्रफळ, लांबी आणि शेवटी बसलेलं उपकरण. उदाहरणादाखल पुढे एकच गाडी धरून चालू. एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) सेल १०० सिरीजमध्ये, म्हणजे नाममात्र ३२० व्होल्ट आणि पूर्ण चार्जला ३६५ व्होल्ट. मोटर सलग ३० किलोवॅट, चढावर ३० सेकंद ६० किलोवॅट. मुख्य केबल ५० चौ. मिमी. डिस्ट्रिब्यूशन बॉक्समधून निघणाऱ्या फांद्या चार: ५ किलोवॅटचा पीटीसी हीटर (तापला की ज्याचा रोध आपोआप वाढतो), एसी कॉम्प्रेसर, १२ व्होल्ट पुरवणारा डीसी-डीसी कन्व्हर्टर आणि ६.६ किलोवॅटचा ऑनबोर्ड चार्जर.

चार्जरची फांदी काढताना बहुतेकांचा बाण उलटा निघतो. चार्जर बॅटरीला वीज देतो, मग फ्यूज चार्जरच्या बाजूला, असं वाटतं. पण चार्जरमध्ये शॉर्ट झाला तर त्या केबलमधून हजारो अँपिअर ढकलणारी चीज बॅटरीच असते. चार्जर स्वतः पंचवीसेक अँपिअरपलीकडे काही देऊ शकत नाही. म्हणून इथेही फ्यूज बॅटरीच्या बाजूलाच येतो.

गाडीत दोन किंवा अधिक बॅटरी स्ट्रिंग समांतर असतील, जसं बसमध्ये असतं, तर प्रत्येक स्ट्रिंगला स्वतंत्र फ्यूज लागतो. एका स्ट्रिंगमध्ये बिघाड झाला की बाकीच्या सगळ्या मिळून तिच्यात प्रवाह ओततात.

पायरी २: चालू प्रवाह मांडा

मोटरसाठी: ३०,००० वॅट भागिले (३०० व्होल्ट × ०.९ कार्यक्षमता), म्हणजे सुमारे १११ अँपिअर सलग. चढावर बॅटरीचा व्होल्टेज दबून २८० वर आला असं धरलं तर ६० किलोवॅटला सुमारे २३८ अँपिअर. हीटर सुमारे १६ अँपिअर. चार्जर २८० व्होल्टला सुमारे २४ अँपिअर.

एक लक्षात ठेवा. इन्व्हर्टर, कॉम्प्रेसर, डीसी-डीसी ही उपकरणं वॅट धरून चालतात. व्होल्टेज उतरला की ती जास्त अँपिअर ओढतात. त्यामुळे हिशेब नाममात्र व्होल्टेजवर करायचा नाही, बॅटरी उतरलेली असतानाच्या व्होल्टेजवर करायचा.

पायरी ३: शॉर्टचा प्रवाह, सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान

माझ्या मते या लेखातली सर्वांत महत्त्वाची पायरी हीच आहे. जवळजवळ सगळे जण शॉर्टचा सर्वांत मोठा प्रवाह काढतात आणि फ्यूजची तोडण्याची क्षमता त्याहून जास्त आहे ना, एवढं पाहून थांबतात. ते तपासायला हवंच. पण केबल जळते ती बहुधा दुसऱ्या टोकाला, म्हणजे शॉर्ट झालाय खरा, पण प्रवाह फ्यूजला पटकन वितळवण्याइतका मोठा नाही, अशा वेळी.

आपल्या गाडीत प्रत्येक सेलचा अंतर्गत रोध ०.६ मिलिओहम धरला तर १०० सेलचे ६० मिलिओहम. जोडण्या, कॉन्टॅक्टर (बॅटरी जोडणारा-तोडणारा मोठा रिले) आणि मुख्य केबल मिळून आणखी २० धरू. एकूण ८०. म्हणजे ३२० ÷ ०.०८ = ४,००० अँपिअर. पूर्ण चार्जला याहून थोडा जास्त. हा मोठा आकडा.

आता तीच गाडी डिसेंबरातल्या पहाटे महाबळेश्वरला उभी आहे, बॅटरी उतरलेली आणि गार. थंडीत सेलचा रोध दुप्पट-तिप्पट होतो. ३०० व्होल्ट आणि २०० मिलिओहम धरा: १,५०० अँपिअर. त्यात शॉर्ट हीटरच्या केबलच्या शेवटी झालाय, केबल २.५ चौ. मिमीची, जायला ४ मीटर आणि यायला ४ मीटर. या केबलचा रोध मीटरला सुमारे ८ मिलिओहम, म्हणजे आणखी ६४. प्रवाह उरला सुमारे १,१४० अँपिअर. आणि तारा पूर्ण न चिकटता नुसतं इन्सुलेशन चिरडलं जाऊन अर्धवट शॉर्ट झाला असेल, तर दोनशे-तीनशे अँपिअरही असू शकतात.

बॅटरी जुनी होत जाते तसा तिचा रोध वाढतो, म्हणून हा लहान आकडा दरवर्षी आणखी खाली सरकतो. गाडीच्या पहिल्या दिवसाचा हिशेब तिच्या आठव्या वर्षाला लागू पडत नाही.

पायरी ४: केबल किती सोसते

तांब्याची केबल शॉर्टमध्ये किती उष्णता सोसेल, याचं साधं सूत्र आहे: स्थिरांक गुणिले छेदक्षेत्रफळ, त्याचा वर्ग. एक्सएलपीई (एक प्रकारचं पॉलिथिलीन) इन्सुलेशनला हा स्थिरांक १४३ धरतात (९० अंशांपासून २५० अंशांपर्यंत तापेल या हिशेबाने). सिलिकॉन केबलसाठी उत्पादकाचा आकडा घ्या. उत्तर येतं अँपिअर-वर्ग-सेकंदांत. वर्कशॉपमध्ये त्याला आय-स्क्वेअर-टी म्हणतात.

५० चौ. मिमी: (१४३ × ५०)² = सुमारे ५ कोटी ११ लाख.
२.५ चौ. मिमी: (१४३ × २.५)² = सुमारे १ लाख २८ हजार.

दोन आकडे शेजारी ठेवून पाहा. केबल वीसपट बारीक झाली, तर तिची सहनशक्ती चारशेपट घटली. म्हणूनच मोठ्या फ्यूजच्या भरवशावर बारीक केबल सोडता येत नाही. प्रत्यक्ष पाहू. मुख्य फ्यूज २५० अँपिअरचा आहे आणि हीटरच्या फांदीला वेगळा फ्यूज नाही. १,१४० अँपिअरचा शॉर्ट झाला, तर हीटरची केबल सुमारे ०.१ सेकंदात मर्यादा ओलांडते. हा प्रवाह फ्यूजच्या मापनाच्या साडेचार पट. तेवढ्या पटीला अशा फ्यूजच्या आलेखावरचा (किती प्रवाहाला तो किती वेळात वितळतो हे दाखवणाऱ्या) वेळ बहुधा सेकंदाच्या घरात असतो. म्हणजे केबल आधी, फ्यूज नंतर. अर्धवट शॉर्टमध्ये ३०० अँपिअर वाहिले तर केबल दीड सेकंदही टिकत नाही, आणि २५० च्या फ्यूजला ३०० अँपिअर म्हणजे जेमतेम सव्वापट. तो कितीतरी मिनिटं तसाच बसून राहील, कदाचित तुटणारही नाही.

त्याच फांदीला ३० अँपिअरचा फ्यूज असता तर १,१४० अँपिअर म्हणजे अडतीस पट, मामला काही मिलिसेकंदांत संपला असता. ३०० अँपिअर म्हणजेही दहापट, तिथेही केबलआधी फ्यूजच जातो. मुख्य केबलचा हिशेब मात्र निर्धास्त आहे: १,५०० अँपिअरला ५० चौ. मिमीची केबल वीस सेकंदांहून जास्त तग धरते.

पायरी ५: मापन ठरवा

पहिली अट व्होल्टेजची. फ्यूजचं डीसी व्होल्टेज मापन बॅटरीच्या पूर्ण चार्ज व्होल्टेजपेक्षा जास्त हवं. आपल्या ३६५ व्होल्टसाठी ४५० किंवा ५०० व्होल्ट डीसीचा फ्यूज. आठशे व्होल्ट वर्गाच्या गाडीला १,००० व्होल्ट डीसीचा. फ्यूजवर नुसतं '५०० व्होल्ट एसी' छापलेलं असेल तर तो डीसीला ५०० व्होल्ट तोडेल असं समजू नका. एकाच फ्यूजचं डीसी मापन एसीपेक्षा बरंच कमी असू शकतं. वाहनांच्या फ्यूजसाठी आयएसओ ८८२० आणि जपानचं जासो डी ६२२ ही मानकं प्रचलित आहेत. डेटाशीटवर त्यांचा उल्लेख आहे का, पाहा.

दुसरी अट तोडण्याच्या क्षमतेची. ४,००० अँपिअर लागणार असतील तर १०,००० अँपिअर क्षमतेचा फ्यूज आरामात पुरतो.

तिसरी गोष्ट मापन घटवण्याची. फ्यूजवरचा आकडा २०-२५ अंश तापमानाला, उघड्यावर, सलग एकसारख्या प्रवाहाला असतो. तुमचा फ्यूज बंद डब्यात, मे महिन्यातल्या अकोल्यात ६०-७० अंशांवर असणार आणि प्रवाह सतत वर-खाली होणार. तापमानाचा गुणक डेटाशीटमध्ये आलेखाच्या रूपात मिळतो. आपण ०.८५ धरू. वर-खाली होणाऱ्या प्रवाहासाठी ०.७५. मग १११ ÷ (०.८५ × ०.७५) = १७४. पुढचं प्रमाणित मापन २०० अँपिअर.

इथे थांबायचं नाही. चढावरचे २३८ अँपिअर ३० सेकंद दिवसातून कितीतरी वेळा येणार. प्रत्येक वेळी पट्टीचे गळे तापून फुगतात आणि थंड होऊन आकसतात. वारंवार वाकवलेली तार जशी एके दिवशी तुटते, तसा हा फ्यूजही काही बिघाड नसताना तुटतो. त्यासाठी वापरात असलेला ठोकताळा असा: वारंवार येणारा प्रवाह, तेवढ्याच वेळात फ्यूज वितळवणाऱ्या प्रवाहाच्या ६० टक्क्यांच्या आत ठेवा. २३८ ÷ ०.६ = ३९७. आता २०० च्या फ्यूजचा आलेख उघडा आणि ३० सेकंदांच्या रेषेवर तो किती अँपिअरला वितळतो ते वाचा. ३९७ पेक्षा ठळकपणे जास्त असेल तर २०० चालेल. नसेल तर २५०. वरचा केबलचा हिशेब मी मुद्दाम २५० धरून केलाय, कारण केबलच्या दृष्टीने तीच वाईट बाजू.

हीटरला याच रीतीने १६ ÷ ०.६४ = २५ येतात. पण पीटीसी हीटर थंड असताना सुरुवातीला जास्त प्रवाह ओढतो, म्हणून ३० अँपिअर. मग २.५ चौ. मिमीची केबल आतल्या तापमानाला ३० अँपिअर सलग वाहील का, हेही पाहा. शंका आली तर ४ चौ. मिमी घाला. केबल जाड करणं नेहमी सुरक्षित, फ्यूज मोठा करणं नाही.

सोलरच्या दुकानांत १०×३८ मिमीचे १,००० व्होल्ट डीसीचे फ्यूज स्वस्तात मिळतात आणि लॅमिंग्टन रोडवर त्यांचे होल्डरही मिळतात. व्होल्टेज पुरतं, हे खरं. पण ते छपरावर स्थिर बसण्यासाठी बनलेले असतात. आपल्या रस्त्यांवरच्या हादऱ्यांत स्प्रिंगच्या क्लिपची पकड सैल होते, तिथे रोध वाढतो आणि होल्डर वितळतो. धावणाऱ्या गाडीत बोल्टने आवळायचा, वाहनासाठी चाचणी झालेला फ्यूजच घ्या.

पायरी ६: कॉन्टॅक्टर आणि प्री-चार्ज यांच्याशी जमवा

मापनाच्या दीडपट-दुप्पट प्रवाहाला फ्यूज मिनिटं घेतो. ही दरी बीएमएसने (बॅटरीवर लक्ष ठेवणाऱ्या यंत्रणेने) भरायची असते: प्रवाह मर्यादेपलीकडे गेला की कॉन्टॅक्टर उघडायचा. पण कॉन्टॅक्टरलाही किती अँपिअर तोडता येतात याची हद्द असते. त्या हद्दीच्या वर गेलेला प्रवाह फ्यूजने तोडायचा, आणि तोपर्यंत कॉन्टॅक्टरने मध्ये पडायचं नाही. म्हणून दोघांचे आलेख एकाच कागदावर काढा. कॉन्टॅक्टरची हद्द जिथे संपते त्याआधी फ्यूजचा जलद भाग सुरू झाला पाहिजे. मधे मोकळी जागा दिसली तर निवड चुकली.

ही मोकळी जागा भरायला पायरो फ्यूज आले. त्यांत एअरबॅगसारखा छोटा स्फोटक असतो. संदेश मिळाला की तो बसबार (प्रवाह वाहणारी धातूची पट्टी) कापून टाकतो. टेस्लाने जुलै २०१५ मध्ये मॉडेल एसच्या 'ल्युडिक्रस' मोडसाठी असा इलेक्ट्रॉनिक्सवर चालणारा फ्यूज आणला आणि बॅटरीतून घेता येणारा प्रवाह १,३०० वरून १,५०० अँपिअरवर नेला. साधा वितळणारा फ्यूज झटकन वेग घेतानाचा मोठा प्रवाह आणि शॉर्ट यांत फरक करायला अपुरा पडत होता, हे त्यामागचं कारण. पायरो फ्यूज एकदा उडाला की पूर्ण बदलायचा. तो एअरबॅगसारखाच हाताळायचा, मीटर लावून तपासायचा नाही.

प्री-चार्ज, म्हणजे इन्व्हर्टरचा कपॅसिटर आधी रेझिस्टरमधून हळू भरून घेणं, नीट चालत नसेल तर कुठलाही फ्यूज टिकणार नाही. इन्व्हर्टरमध्ये १,००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर असेल आणि तो थेट ३६५ व्होल्टला जोडला गेला, तर क्षणभर शॉर्टसारखाच प्रवाह वाहतो. ५० ओहमचा प्री-चार्ज रेझिस्टर लावला की तोच प्रवाह ७.३ अँपिअरवर येतो आणि पाव सेकंदात कपॅसिटर भरतो. फ्यूज 'उगाचच' उडतोय अशी तक्रार आली तर मी सर्वांत आधी हा रेझिस्टर आणि त्याचा रिले तपासतो.

पायरी ७: जागा आणि बसवणी

फ्यूज बदलता यायला हवा, म्हणजे सीलबंद बॅटरीच्या पोटात तो नको. दोन जागा योग्य. मुख्य फ्यूज सर्व्हिस डिस्कनेक्ट प्लगमध्ये, जो बॅटरीच्या साखळीला मधोमध तोडतो. फांद्यांचे फ्यूज डिस्ट्रिब्यूशन बॉक्समध्ये. बॉक्सच्या झाकणाला इंटरलॉक हवाच: झाकण उघडलं की लूप तुटून कॉन्टॅक्टर उघडले पाहिजेत. बसबारपासून फांदीच्या फ्यूजपर्यंतचा तुकडा फ्यूजविना असतो, तो वितभरही नको आणि बॉक्सच्या बाहेर तर मुळीच नको.

बोल्टची जोडणी जवळून पाहा, कारण बहुतेक फ्यूज इथेच मरतात. क्रम असा: स्टड, त्यावर फ्यूजचं पातं, त्यावर लग (केबलच्या टोकाची भोकाची जोडपट्टी), त्यावर सपाट वॉशर, मग स्प्रिंग वॉशर, मग नट. फ्यूजचं पातं आणि लग यांच्यात काहीही नको. अनेकदा सपाट वॉशर मधे अडकलेला सापडतो. स्टीलचा रोध तांब्याच्या कितीतरी पट, त्यामुळे अडीचशे अँपिअर त्या पातळ चकतीतून जाताना ती तापते, तापलेली उष्णता पात्यावाटे फ्यूजच्या पोटात जाते, आणि फ्यूज आपल्या मापनाच्या खालीच तुटतो. मग माणूस म्हणतो फ्यूज खराब निघाला आणि मोठा टाकतो. उघडल्यावर लगेच ओळखू येतं: लगवर वॉशरच्या आकाराचं निळसर-काळं कडं उमटलेलं असतं.

टॉर्क डेटाशीटमध्ये दिलेलाच, आणि टॉर्क रेंचनेच. आवळताना पिळाचा जोर सिरॅमिक नळीवर येऊ देऊ नका, दुसऱ्या हाताने लग धरा. आवळल्यावर नट आणि स्टडवर रंगाची एक सरळ रेघ ओढा. पुढच्या सर्व्हिसला रेघ तुटलेली दिसली तर नट सरकला. झाकणाच्या आत फ्यूजचं पार्ट नंबर, अँपिअर आणि डीसी व्होल्ट लिहिलेलं लेबल चिकटवा. जोडणीशेजारी तापमान दाखवणारी चिकटपट्टी लावा. ती एकदा रंग बदलली की परत पूर्ववत होत नाही, त्यामुळे मधल्या काळात काय घडलं ते झाकण उघडताच कळतं.

बदली: क्रम मोडू नका

गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दिलेला क्रम नेहमी वरचढ. साधारण रीत अशी.

गाडी बंद, चार्जिंगची गन काढलेली, किल्ली गाडीपासून लांब आणि बदलणाऱ्याच्याच ताब्यात. १२ व्होल्ट बॅटरीचं निगेटिव्ह काढा. इन्सुलेटेड हातमोजे घाला: क्लास ०, म्हणजे १,००० व्होल्ट एसी किंवा १,५०० व्होल्ट डीसीपर्यंतचे, वरून चामड्याचे. रबरी मोजे घालण्याआधी मनगटापासून गुंडाळून हवा कोंडा आणि ती कुठून निसटते का ते पाहा. सुईच्या टोकाएवढं भोकही चालत नाही. डोळ्यांना फेस शील्ड, अंगावर धातूचं काही नाही, आणि हाकेच्या अंतरावर दुसरा माणूस. सर्व्हिस प्लग काढून खिशात ठेवा किंवा कुलूपबंद करा. मग मॅन्युअलमध्ये दिलेला वेळ थांबा, बहुधा पाच ते दहा मिनिटं. कपॅसिटर रिकामे व्हायला तेवढा वेळ लागतो.

आता मोजा. कॅट थ्री सुरक्षा वर्गाचा, १,००० व्होल्टचा मीटर आधी माहीत असलेल्या चालू स्रोतावर तपासा, मग फ्यूजच्या दोन्ही बाजूंना पॉझिटिव्ह-निगेटिव्ह आणि प्रत्येकाचं बॉडीशी व्होल्टेज पाहा, मग पुन्हा तोच चालू स्रोत. शेवटची पायरी बरेच जण गाळतात. मधल्या वेळात मीटरची लीड तुटली असेल तर तो शून्य दाखवेल आणि तुम्ही जिवंत लाइनला हात लावाल. एक ध्यानात ठेवा: प्लग काढला तरी बॅटरीच्या पोटात दोन्ही अर्ध्या भागांत व्होल्टेज असतंच. सुरक्षित झाली ती बाहेरची बाजू.

जुना फ्यूज काढल्यावर लगेच नवा टाकू नका. फ्यूज उडाला म्हणजे काहीतरी घडलंय. त्या फांदीचं उपकरण सोडवा आणि नुसत्या केबलचं इन्सुलेशन ५०० किंवा १,००० व्होल्ट मेगरने (इन्सुलेशनचा रोध मोजणाऱ्या मीटरने) तपासा. मेगर करताना बीएमएस, इन्व्हर्टर, चार्जर ही सगळी इलेक्ट्रॉनिक्स वेगळी केलेली हवीत, नाहीतर तपासणीतच ती जातील. इलेक्ट्रिक गाड्यांच्या सुरक्षेच्या यूएन आर १०० या नियमात डीसी भागासाठी किमान मर्यादा व्होल्टला १०० ओहम आहे, म्हणजे ३६५ व्होल्टला ३६.५ किलोओहम. पण ती तळाची रेषा झाली. चांगली केबल मेगाओहममध्ये येते. एक-दोन मेगाओहमवर आलेली केबल मी परत बसवत नाही, तिचा पूर्ण मार्ग हाताने तपासतो. बुशिंगपाशी, चेसिसच्या कडेपाशी आणि उंदरांनी कुरतडलेल्या जागी खूण सापडते. पावसाळ्यात उभ्या राहिलेल्या गाड्यांत उंदीर हे खरंच मोठं कारण आहे.

केबल ठीक निघाली तर उपकरणाच्या इनपुटवर शॉर्ट आहे का पाहा. तेही ठीक असेल तर संशय जोडणीवर किंवा प्री-चार्जवर. कारण सापडत नाही तोवर नवा फ्यूज बसवून 'बघू काय होतं' करायचं नाही.

नवा फ्यूज त्याच पार्ट नंबरचा. दोन फ्यूज समांतर किंवा सिरीजमध्ये असतील आणि एकच उडाला असेल तरी दोन्ही बदला. उरलेल्यानेही तोच धक्का खाल्लेला असतो, तो आतून अर्धा वितळलेला असू शकतो. साध्या मल्टिमीटरने हे कळत नाही, कारण मोठ्या फ्यूजचा रोध मिलिओहमच्या अंशात असतो. बीप वाजला म्हणजे फ्यूज जोडलेला आहे एवढंच कळतं, तो निरोगी आहे हे नाही. झाकणाचं रबरी सील दर वेळी नवं घाला.

सर्व्हिस प्लग बसवा, मग १२ व्होल्ट जोडा, गाडी सुरू करा आणि बीएमएसमध्ये इन्सुलेशनची किंवा इंटरलॉकची एरर नाही ना ते वाचा. त्या फांदीचं उपकरण पूर्ण लोडवर चालवून बॉक्स बाहेरून कुठे जास्त तापतो का ते थर्मल कॅमेऱ्याने पाहा. पुढच्या सर्व्हिसला गाडी पुन्हा पूर्ण निर्जीव करून रंगाची रेघ आणि तापमानाची पट्टी तपासा.

जुना फ्यूज टाकून देऊ नका

त्यावर तारीख, गाडीचा नंबर, किलोमीटर आणि कुठल्या फांदीचा ते मार्करने लिहून ठेवा. उत्पादक असा फ्यूज एक्स-रे करून देतो का, ते विचारा. घरी फोडायचा असेल तर तोंडावर चांगला मास्क लावा, कारण आतली वाळू सिलिका आहे, आणि तिची धूळ फुफ्फुसांना घातक. पट्टीवरचे सगळे गळे वितळलेले असतील आणि वाळूची काचेची गाठ पट्टीच्या लांबीभर पसरली असेल, तर मोठ्या प्रवाहाचा खरा शॉर्ट झाला होता. त्या फांदीची केबल आणि उपकरण पुन्हा एकदा संशयाने पाहा. मधलाच एखादा गळा वितळलाय आणि बाकीची पट्टी चकचकीत आहे, तर तो ओव्हरलोड किंवा दीर्घ थकवा: पायरी ५ मधला ६० टक्क्यांचा हिशेब परत मांडा, या वेळी गाडीच्या डेटा लॉगमधले खरे प्रवाह घेऊन. आणि एका टोकाचं पातं काळवंडलंय पण दुसरं स्वच्छ आहे, तर फ्यूज निर्दोष. त्या टोकाचा नट, लग आणि वॉशर बघा.